निळ्या माणसांचा ओढा: एका रक्तदोषाचा आणि एका बदनामीचा इतिहास

१/
अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पूर्वेकडील डोंगरांत एकोणिसाव्या शतकापासून पुढे जवळजवळ दीडशे वर्षे काही निळ्या त्वचेची माणसे राहत होती. ओठ जांभळे, नखे गडद निळी, चेहऱ्यावर निळसर छाया. ही माणसे शेती करीत, संसार करीत, आणि त्यांतील काहींनी वयाची ऐंशी वर्षेही ओलांडली. आजचा #थ्रेड या ‘निळ्या फ्यूगेटां’विषयी आहे: त्यांच्या रक्तात काय घडत होते, ते कोणी आणि कसे शोधले, आणि त्यांच्याविषयीची कथा कशी रचली गेली. #इतिहास

२/
ही कथा समाजमाध्यमांवर सहसा चार वाक्यांत फिरते. एक फ्रेंच अनाथ मुलगा डोंगरात आला. त्याने लग्न केले. मुले निळी झाली. पुढे सगळ्यांनी आपापसांतच लग्ने केली. सोबत निळ्या चेहऱ्यांच्या कुटुंबाचे एक चित्र, आणि खाली हशा. या चार वाक्यांपैकी कोणते कागदपत्रांवर उभे आहे, कोणते आठवणींवर आणि कोणते केवळ पूर्वग्रहावर, हे तपासणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे. रक्तदोषाचे कोडे १९६०च्या दशकात सुटले. बदनामीचे कोडे अद्याप बऱ्याच अंशी तसेच आहे.

३/
प्रथम स्थळ पाहू. पूर्व केंटकी हा ॲपलाचियन पर्वतरांगांचा प्रदेश. हॅझर्ड या गावाच्या परिसरातून एक ओढा वाहतो. त्याचे नाव ‘ट्रबलसम क्रीक’, म्हणजे त्रासदायक ओढा. अरुंद दऱ्या, उभे चढ, दाट जंगल. एका दरीतून दुसऱ्या दरीत जायचे तर बहुधा ओढ्याचे पात्र हाच रस्ता. हॅझर्डला रेल्वे पोहोचली ती १९१०च्या दशकात, कोळशासाठी. त्यापूर्वीच्या शंभर वर्षांत इथल्या तरुणाचे जग म्हणजे त्याची दरी आणि फार तर शेजारच्या दोन दऱ्या. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढील सर्व गणित तिच्यावर आधारलेले आहे.

४/
कौटुंबिक स्मृतीनुसार १८२०च्या सुमारास मार्टिन फ्यूगेट नावाचा माणूस या ओढ्याकाठी स्थायिक झाला. त्याचा विवाह एलिझाबेथ स्मिथ हिच्याशी झाला. ती गोरीपान, लालसर केसांची होती, असे सांगतात. दोघांना सात मुले झाली आणि त्यांतील चार निळी होती. ही माहिती मुख्यतः वंशजांनी सांगितलेल्या आठवणींतून आली असून ती नोंदली गेली तेव्हा मूळ घटनेला शतकाहून अधिक काळ लोटला होता. मौखिक परंपरा हे मोलाचे साधन आहे. पण पोवाडा आणि बखर वाचताना आपण जी सावधगिरी बाळगतो, तीच येथेही बाळगली पाहिजे.

५/
उदाहरणार्थ, ‘फ्रेंच अनाथ’. वंशावळींच्या अभ्यासकांनी या तपशिलावर शंका घेतली आहे, कारण फ्यूगेट हे आडनाव व्हर्जिनियाकडील जुन्या नोंदींत आधीपासून आढळते. तेव्हा मार्टिन हा समुद्रापलीकडून एकटा आलेला परका नसून व्हर्जिनियातून डोंगर ओलांडून आलेल्या असंख्य वसाहतकऱ्यांपैकी एक असण्याचा संभव अधिक. मग अनाथाची कथा का टिकली? विचित्र गोष्टीचा उगम दूरच्या, अनोळखी ठिकाणी असला की ती ऐकणाऱ्याला पटते. अनेक घराण्यांच्या मूळपुरुषकथा अशाच घडलेल्या असतात.

६/
आता कागदपत्रांकडे वळू. अमेरिकेच्या १८५०च्या जनगणनेत ‘रंग’ हा रकाना होता. त्यात नोंदीसाठी तीनच पर्याय होते: गोरा, काळा आणि मिश्रवर्णीय. केंटकीत त्या काळी गुलामगिरी कायदेशीर होती आणि माणसाचा रंग हा त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता. अशा रकान्यात निळ्याला जागा नव्हती. म्हणून जनगणनेत ‘निळा’ हा शब्द न सापडणे, हा निळी माणसे नसल्याचा पुरावा ठरत नाही. जे प्रश्नच विचारले गेले नाहीत, त्यांची उत्तरे दप्तरात मिळत नाहीत.

७/
मग त्वचा निळी होत कशी होती? आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते आणि हिमोग्लोबिनमध्ये लोह. हे लोह एका विशिष्ट रासायनिक अवस्थेत असेल तरच प्राणवायू उचलते आणि पेशींना पोहोचवते. त्यातील एक इलेक्ट्रॉन निघून गेला की लोहाची अवस्था बदलते आणि ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. अशा निकामी हिमोग्लोबिनला ‘मेथेमोग्लोबिन’ म्हणतात. ते तुमच्या-माझ्या रक्तातही रोज थोडे थोडे तयार होत असते. ही झीज प्रत्येक शरीरात चालू असते.

८/
फरक पडतो तो दुरुस्तीत. तांबड्या पेशीत एक विकर, म्हणजे एन्झाइम असते. त्याचे जुने नाव डायफोरेज, आजचे नाव सायटोक्रोम बी५ रिडक्टेज. ते निकामी लोहाला हरवलेला इलेक्ट्रॉन परत देत राहते. त्यामुळे निरोगी माणसाच्या रक्तात मेथेमोग्लोबिनचे प्रमाण सुमारे १ टक्का इतकेच राहते. जन्मतः हे विकर दुबळे असेल तर प्रमाण चढते. साधारण १० टक्क्यांच्या पुढे गेले की त्वचा निळसर दिसू लागते. ७० टक्क्यांच्या वर गेले तर जीव वाचणे कठीण. फ्यूगेटांसारख्या रुग्णांत ते मधल्या, सुसह्य पातळीवर स्थिरावते.

९/
असे रक्त नळीत काढले तर ते निळे नसते. ते तपकिरी, चॉकलेटच्या रंगाचे असते आणि हवा लागल्यावरही लाल होत नाही. तेच रक्त गोऱ्या त्वचेच्या आडून पाहिले की निळे भासते. म्हणूनच ‘निळे रक्त’ हा शब्दप्रयोग येथे चुकीचा ठरतो. या लोकांच्या प्रकृतीला बहुधा फारसा अपाय होत नसे. ल्यूना फ्यूगेट ही त्यांच्यातील सर्वांत गडद निळ्या व्यक्तींपैकी एक म्हणून लोकांच्या स्मरणात होती. तिने १३ मुलांना जन्म दिला आणि ती ८४ वर्षे जगली.

१०/
हा दोष अप्रभावी जनुकातून येतो. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत सदोष आणि एक चांगली असेल तर माणूस केवळ ‘वाहक’ असतो. चांगली प्रत काम निभावून नेते. दोन्ही प्रती सदोष असतील तरच त्वचा निळी होते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्य निळे होण्याची शक्यता ४ पैकी १ असते. एक पालक स्वतः निळा आणि दुसरा वाहक असेल, तर ती २ पैकी १ होते.

११/
येथे गणिताचा उपयोग साधनचिकित्सेसाठी करता येतो. सात मुलांपैकी चार निळी, ही आठवण खरी मानू. मार्टिन आणि एलिझाबेथ दोघेही केवळ वाहक असते, तर सातांपैकी चार किंवा अधिक मुले निळी होण्याची शक्यता सुमारे ७ टक्के भरते. मार्टिन स्वतः निळा असता, तर तीच शक्यता ५० टक्के होते. मार्टिन निळा होता, असे काही कथनांत येतेही. यावरून काहीच सिद्ध होत नाही. सात हा आकडा फार लहान आहे. पण दोन परस्परविरोधी आठवणींपैकी कोणती आकड्यांशी अधिक जुळते, एवढे तरी यातून कळते.

१२/
मात्र एका गोष्टीत शंका नाही. हे पहिले जोडपे एकमेकांचे नातेवाईक होते असे कोणतेही कथन सांगत नाही. म्हणजे ज्या लग्नातून निळी मुले प्रथम जन्मली, ते लग्न दोन वेगळ्या घराण्यांतले होते. असे दुर्मीळ जनुक दोघांकडेही असावे, हा निव्वळ योगायोग. ‘नात्यात लग्ने केली म्हणून आजार उद्भवला’ हे विधान येथेच कोसळते. नात्यातील लग्नांनी जनुक निर्माण केले नाही. आधीपासून असलेल्या जनुकाच्या दोन प्रती एकत्र येण्याची संधी त्यांनी वाढवली.

१३/
ती संधी मात्र खरोखरच वाढली, हे लपवण्याचे कारण नाही. मार्टिनचा मुलगा झकरायाह याने आपल्या आईच्या बहिणीशी, म्हणजे मावशीशी लग्न केले असे सांगितले जाते. त्याच्या मुलाने शेजारच्या कुटुंबातील मुलगी केली आणि त्या जोडप्याची मुलगी म्हणजे ल्यूना. फ्यूगेट, स्मिथ, रिची, कोम्ब्स, स्टेसी ही मोजकी घराणी एकाच परिसरात पिढ्यान्पिढ्या राहिली. रस्ता नव्हता, त्यामुळे जोडीदार जवळचाच मिळे. काही पिढ्यांनंतर अनोळखी वाटणाऱ्या दोन माणसांचा पणजोबा एकच निघे.

१४/
याच काळात इंग्लंडमध्ये काय चालले होते? १८३९मध्ये चार्ल्स डार्विनने आपल्या मामाची मुलगी एमा वेजवुड हिच्याशी लग्न केले. १८४०मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपला मामेभाऊ अल्बर्ट याच्याशी विवाह केला. पुढे डार्विनचा मुलगा जॉर्ज याने १८७५मध्ये अशा विवाहांच्या परिणामांवर संख्याशास्त्रीय अभ्यासही प्रसिद्ध केला. राजवाड्यातील आणि सुखवस्तू घरातील नात्यांतल्या लग्नाला ‘घराणी जोडणे’ म्हणत. ओढ्याकाठच्या शेतकऱ्याने तेच केले की त्याला ‘अधःपतन’ म्हणत.

१५/
मराठी वाचकाला तर हे परके वाटण्याचे कारण नाही. मामाच्या मुलीशी लग्न ही महाराष्ट्रातील अनेक समाजांत मान्य रीत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३च्या आपल्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात भारतातील अशा विवाहपद्धतींचा विस्ताराने विचार केला आहे. दक्षिण भारतातील मामा-भाची विवाहातील रक्ताची जवळीक तर झकरायाहच्या विवाहाइतकीच आहे. अशा विवाहांत अप्रभावी आजारांचा धोका वाढतो, हे वैद्यकीय सत्य आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण धोका सांगणे आणि माणसांना हिणवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१६/
आता शोधाच्या कथेकडे. तिचा आरंभ केंटकीत होत नाही, आयर्लंडमध्ये होतो. १९४०च्या दशकाच्या आरंभी उत्तर आयर्लंडमधील लर्गन गावचे डॉक्टर जेम्स डीनी यांच्याकडे दोन निळे भाऊ होते. डीनींनी त्यांना क जीवनसत्त्व दिले आणि त्यांचा रंग हळूहळू पालटला. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी हा धागा पकडला. त्यांपैकी क्वेंटिन गिब्सन यांनी १९४८मध्ये दाखवून दिले की, या आजारात तांबड्या पेशींतील दुरुस्तीचे विकरच कमी पडते. आनुवंशिक आजाराच्या मुळाशी एका विशिष्ट विकराचा अभाव असतो, हे ठोसपणे दाखवणाऱ्या आरंभीच्या कामांत त्याची गणना होते.

१७/
दुसरा दुवा अलास्कातला. तेथील मूळनिवासी समाजांतही काही कुटुंबांत निळसर त्वचेची माणसे आढळत. अँकरेज येथील आर्क्टिक आरोग्य संशोधन केंद्रातील ई. एम. स्कॉट यांनी त्यांच्या रक्ताचा अभ्यास केला आणि १९६०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: डायफोरेजचा अभाव, तोही अप्रभावी पद्धतीने वारशात येणारा. आयर्लंड, अलास्का आणि केंटकी, तीन वेगळे लोकसमूह, हवामान वेगळे, चालीरीती वेगळ्या. आजार एकच. तरीही ‘निळी माणसे’ म्हटले की जगाला एकच आडनाव आठवते. असे का, हे पुढे पाहू.

१८/
केंटकी विद्यापीठातील रक्ततज्ज्ञ मॅडिसन कावाइन यांनी १९६०च्या सुमारास डोंगरातील निळ्या माणसांविषयी ऐकले आणि ते शोधार्थ हॅझर्डला आले. तेथील दवाखान्यात रूथ पेंडरग्रास नावाची परिचारिका त्यांना भेटली. एका कडाक्याच्या थंडीच्या दिवशी एक गडद निळी स्त्री रक्ततपासणीसाठी आली होती आणि तिला हृदयविकाराचा झटका आला असावा असे वाटून आपण घाबरलो होतो, ही आठवण तिने सांगितली. ती स्त्री मात्र शांत होती. आमच्या घरातली माणसे अशीच असतात, असा तिचा खुलासा होता.

१९/
पुढे एक निळे भाऊ-बहीण आपण होऊन दवाखान्यात आले. आपल्या रंगाचा त्यांना किती संकोच वाटत होता, हे कावाइन यांना त्यांच्या वागण्यावरूनच जाणवले. चारचौघांत बसणेही त्यांना जड जात होते. या प्रसंगाचे महत्त्व मला वैद्यकीय निष्कर्षाइतकेच वाटते. ज्या आजाराने शरीराला फारसे दुखवले नव्हते, त्याने माणसांना आयुष्यभर लपायला लावले होते. शरीर निरोगी होते. दुखणे लोकांच्या नजरेचे होते.

२०/
निदान पायरीपायरीने झाले. हृदय आणि फुप्फुसे तपासली, दोष नव्हता. हिमोग्लोबिनची रचनाच वेगळी असेल, तर त्वचा निळी दिसू शकते. ती शक्यताही चाचणीने बाद झाली. घराण्याची माहिती विचारली तेव्हा निळेपण पिढ्या वगळून उगवते, असे दिसले. हे अप्रभावी वारशाचे लक्षण. मग कावाइन यांच्या वाचनात स्कॉट यांचा अलास्कावरील निबंध आला. त्यांनी डोंगरातील कुटुंबांचे रक्त पुन्हा घेऊन विकराची चाचणी केली. डायफोरेज जवळजवळ नव्हतेच. १९६४मध्ये हे संशोधन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

२१/
उपचार मात्र चक्रावून टाकणारा होता: निळ्या माणसाला निळा रंग टोचायचा! मेथिलीन ब्लू हा मुळात कापड रंगवण्याचा रंग. १८७६मध्ये जर्मनीतील हाइनरिश कारो या रसायनशास्त्रज्ञाने तो तयार केला. १८९१मध्ये पॉल एर्लिश आणि पॉल गुटमान यांनी बर्लिनमध्ये त्याचा हिवतापावर प्रयोग केला. तांबड्या पेशीत दुरुस्तीचा एक दुसरा, एरवी पडून असलेला मार्गही असतो. मेथिलीन ब्लू त्या मार्गाने इलेक्ट्रॉन उचलते आणि निकामी हिमोग्लोबिनला नेऊन देते. मुख्य पूल कोसळला असता होडीने पलीकडे जावे, तसे.

२२/
कावाइन यांनी त्या भावा-बहिणीला प्रत्येकी १०० मिलिग्रॅम औषध टोचले. काही मिनिटांतच निळेपणा ओसरू लागला आणि आयुष्यात प्रथमच दोघांची त्वचा गुलाबी झाली. परिणाम टिकाऊ नव्हता, कारण औषध लघवीवाटे निघून जाते. म्हणून रोज घेण्यासाठी गोळ्या दिल्या गेल्या. लघवी निळी झालेली पाहून एका वृद्ध गृहस्थाला वाटले की, अंगातला निळा रंगच वाहून चालला आहे. विज्ञान त्यांना ठाऊक नव्हते, पण त्या वाटण्यामागची सुटका समजायला विज्ञानाची गरज नाही.

२३/
यानंतर निळी माणसे विरळ होत गेली. त्याचे श्रेय औषधाला कमी आणि रस्त्यांना जास्त द्यावे लागते. रेल्वे आली, खाणी सुरू झाल्या, माणसे कामासाठी दूर गेली, लग्ने दूर जुळू लागली. जनुक नाहीसे झाले नाही. त्याच्या दोन प्रती एकत्र येणे दुर्मीळ झाले. १९७५मध्ये हॅझर्डच्या रुग्णालयात एक बाळ गडद निळे जन्मले. डॉक्टर धास्तावले, आणि आजीने फ्यूगेटांची आठवण करून दिली. बाळाचा रंग काही आठवड्यांत सामान्य झाला. नवजात बाळात हे विकर मुळातच कमी असते. त्यात एक सदोष प्रत असेल तर काही काळ असे होऊ शकते.

२४/
आता राहिलेला प्रश्न: आयर्लंड आणि अलास्का विसरले गेले, केंटकीच का लक्षात राहिले? कारण निळ्या त्वचेच्या आधीच तेथील डोंगरी माणसाची एक प्रतिमा तयार होती. १८७३मध्ये विल वॉलेस हार्नी या लेखकाने एका मासिकातील लेखाच्या शीर्षकातच या प्रदेशाला विचित्र भूमी आणि तेथील लोकांना चमत्कारिक ठरवले. १८९९मध्ये केंटकीतील बेरिया महाविद्यालयाचे अध्यक्ष विल्यम गुडेल फ्रॉस्ट यांनी डोंगरी लोकांना ‘आपले समकालीन पूर्वज’ म्हटले. हेतू सहानुभूतीचा होता. पण ही माणसे काळात मागे अडकली आहेत, हे वाचकांच्या मनात पक्के रुजले.

२५/
ही प्रतिमा सोयीचीही होती. याच दशकांत कोळशाचे दलाल पूर्व केंटकीत फिरत होते. ‘ब्रॉड फॉर्म डीड’ नावाच्या दस्तावर शेतकऱ्याची सही किंवा अंगठा घेतला की जमीन त्याच्याकडे राही, पण जमिनीच्या पोटातील खनिज आणि ते काढण्यासाठी लागेल ते करण्याचा हक्क दुसऱ्याकडे जाई. कित्येक ठिकाणी एकरामागे मिळालेली रक्कम एका डॉलरहूनही कमी होती. ज्यांना लुबाडायचे, त्यांना मागासलेले ठरवणे हा व्यवहार आपल्याला वसाहतकाळाच्या अभ्यासातून चांगलाच परिचित आहे.

२६/
विसाव्या शतकाच्या आरंभी सुप्रजननवादाने या प्रतिमेला विज्ञानाचा मुलामा दिला. शेजारच्या व्हर्जिनियाने १९२४मध्ये ‘सदोष’ ठरवलेल्या व्यक्तींच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि १९२७मध्ये बक विरुद्ध बेल या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. अशा काळात एखाद्या घराण्याचे ‘रक्तच वाईट’ आहे, असे म्हणणे ही केवळ थट्टा राहत नाही. ल्यूनाची पिढी याच काळात जगत होती. तिच्या रक्तात खरोखरच एक दोष होता. पण तो विकराचा होता, चारित्र्याचा किंवा बुद्धीचा नव्हता.

२७/
१९८२मध्ये ‘सायन्स ८२’ या लोकप्रिय विज्ञानमासिकात कॅथी ट्रॉस्ट यांचा ‘द ब्लू पीपल ऑफ ट्रबलसम क्रीक’ हा लेख आला. आज फिरणारी बहुतेक माहिती याच लेखातून उगम पावते. लेख मेहनतीने लिहिलेला आहे. पुढच्या नकलांनी त्यातील माणसे गाळली आणि चमत्कार तेवढा ठेवला. निळ्या कुटुंबाचे जे प्रसिद्ध चित्र तुम्ही पाहिले असेल, ते छायाचित्र नव्हे. ते आधुनिक चित्रकाराने कल्पनेने रंगवलेले आहे. ते ‘जुना फोटो’ म्हणून पुढे पाठवू नका.

२८/
आपल्याकडे हा आजार आहे का? आहे. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीच्या संशोधकांनी भारतीय रुग्णांतील या जनुकाचे दोष शोधून प्रसिद्ध केले आहेत. त्यांतून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, या आजाराचा दुसरा प्रकार गंभीर असतो. त्यात दोष केवळ तांबड्या पेशींत न राहता सर्व पेशींत असतो आणि मेंदूची वाढ खुंटते. दोन, जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना मेथिलीन ब्लू घातक ठरू शकते, आणि ती कमतरता पारशी व काही आदिवासी समाजांत आढळते. म्हणून निळेपणा दिसला तर निदान डॉक्टरांनीच करायचे.

२९/
तसेच प्रत्येक निळेपणा वारशाने येत नाही. १९४५मध्ये आयोवातील डॉक्टर हंटर कॉमली यांनी दाखवले की, नायट्रेटयुक्त विहिरीचे पाणी दुधाच्या भुकटीत मिसळून पाजल्याने तान्ही बाळे निळी पडत होती. त्यांचे जनुक निर्दोष होते, पाणी दूषित होते. भारतात पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, आणि महाराष्ट्रात अनेक ठिकाणच्या भूजलात ती ओलांडली जाते. ‘रक्ताचा दोष’ म्हणून बोट दाखवण्याआधी पाण्याकडेही पाहावे, इतके तरी या इतिहासातून शिकता येते.

३०/
सारांश असा. कथेतले निळेपण खरे. त्याचे कारण एका विकराचा अभाव. आजाराचा उगम योगायोगात, आणि त्याचा टिकाव रस्ते नसलेल्या भूगोलात. ‘फ्रेंच अनाथ’ संशयास्पद. ‘अधःपतित डोंगरी लोक’ हा भाग पूर्वग्रहाचा, आणि त्याचा लेखी इतिहास फ्यूगेटांच्या प्रसिद्धीहून जुना. या घराण्यांचे वंशज आजही हयात आहेत. त्यांच्या पणजीविषयी बोलताना आपण आपल्या पणजीविषयी जसे बोलू, तसे बोलावे.

३१/
पुढच्या वेळी अशी ‘अजब पण सत्य’ गोष्ट समोर आली तर तीन प्रश्न विचारा. ही माहिती प्रथम कोणी आणि कधी नोंदली? त्या काळच्या दप्तरात ती नोंदवण्याची सोय तरी होती का? आणि ही कथा अशा रीतीने सांगण्यात कोणाची सोय होती? मित्रहो, या तीन प्रश्नांसाठी पदवी लागत नाही. तुमच्या वाचनातले असे आणखी एखादे उदाहरण असेल तर खाली अवश्य लिहा. त्यावर पुढचा धागा विणू.

#थ्रेड समाप्त.